‘आपल्यात’ म्हणजे कुठल्या सालच्या आपल्यात?

पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणारी मुलगी २४ वर्षांची आहे. ८ वर्षांची असताना ती आईबाबांबरोबर परदेशी गेली. धाकटा भाऊ तिकडेच जन्मला. तो १३ वर्षांचा आहे, त्याला मराठी समजतं, पण उत्तर कायम तिकडच्या भाषेत देतो. नवव्या वर्षापासून घरातली ‘बाहेरची’ सगळी बोलणी तिच्याकडे आहेत. सरकारी पत्रं वाचायची, बँकेत आणि डॉक्टरांकडे बाबांच्या वतीने बोलायचं, भावाच्या शाळेतल्या पालकसभेलाही तिनेच जायचं. ११ वर्षांची असताना बाबांच्या एका तपासणीचा निकाल तिनेच त्यांना सांगितला आणि डॉक्टरांचं एक वाक्य मुद्दाम गाळलं. पुढे काळजीचं काही निघालं नाही, पण ते वाक्य तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळते आहे. आई म्हणाली, “आपल्यात असं नसतं.” बाबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. भांडणात ही ओरडली, “तुमच्यात नसेल, आमच्यात असतं!” आई रडली. ‘आमच्यात’ म्हणजे कुणात, हे हिलाही सांगता येईना. तिकडे लोक विचारतात, मूळची कुठली. मायदेशी आली की भावंडं तिचं मराठी ऐकून हसतात. “धड इकडची नाही, धड तिकडची नाही, त्रिशंकू झाले आहे. मी नेमकी कुठली हे आधी ठरवायला हवं का? आणि गेले तर स्वार्थी ठरेन का?” शेवटी शुद्धलेखनाबद्दल माफी मागितली आहे. सही : ‘मधली’.

प्रिय मधली,

तू मला ‘ताई’ म्हटलं आहेस, तेव्हा मीही सरळ ‘तू’ म्हणते.

माफीचं कारण नाही. तुझ्या चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत, आणि मराठीतच जन्म काढलेली माणसं त्या रोज करतात. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या लांब पत्रात नोकरी कसली आहे हे तू एका ओळीत उरकलंस, आणि ‘मी कुठली’ या प्रश्नाला तीन पानं दिलीस. जणू त्याचा दाखला हातात पडल्याशिवाय पुढचा अर्ज कुणी घेणारच नाही. हे दोन प्रश्न सुटे करून बघ. नोकरीचा प्रश्न बराच हलका होईल. दुसरा होणार नाही, पण त्याला शेवटची तारीखही नाही.

त्रिशंकूचं आधी निपटून टाकू. सदेह स्वर्गात जायचा हट्ट त्रिशंकूचा स्वतःचा होता. तुला आठव्या वर्षी कुणी काही विचारलं होतं का? सामान बांधलं गेलं, तुला विमानात बसवलं गेलं. ज्याने हट्ट धरला त्याची शिक्षा तू कशाला अंगाला लावून घेतेस?

आता आईचं वाक्य. तू ते हुकूम म्हणून ऐकलंस. पण मराठीतली एक गंमत बघ. कितीतरी भाषांचं जिथे एका सर्वनामावर भागतं, तिथे आपल्याकडे दोन आहेत. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. तू दिवसभर जी भाषा बोलतेस तिच्यात बहुधा हा भेद नसेल, म्हणून रागाच्या भरात तो तुझ्या लक्षात आला नाही. आईच्या कानाने मात्र तो बरोबर पकडला. ‘आपल्यात’ म्हणून ती तुला आत मोजत होती, आणि तू ‘आमच्यात’ म्हणून तिला दाराबाहेर उभं केलंस. ती नोकरीवरून रडली असं मला वाटत नाही.

म्हणजे आईचं बरोबर, असं मात्र समजू नकोस. ‘आपल्यात असं नसतं’ हे वाक्य पत्रांत आलं की मी मनात एक प्रश्न विचारते : कुठल्या सालच्या आपल्यात? तुझे आईबाबा निघून सोळा वर्षं झाली. निघताना जे होतं ते त्यांनी बरोबर घेतलं आणि तसंच जपलं, कारण ते बदलताना बघायला ते तिथे नव्हते. मागे राहिलेली माणसं सोळा वर्षं बदलत राहिली. तुझं मराठी ऐकून ज्या बहिणींना हसू येतं, त्यांच्यातल्या किती जणी आज घरापासून लांब राहून नोकरी करतात, एकदा मोज. मोजून झालं की तो आकडा आईच्या तोंडावर फेकू नकोस. अमकी कुठे राहते, तिचं कसं चाललंय, एवढंच सहज विचार आणि आईला बोलू दे. तिला ते सगळं माहीत असतं, फक्त ‘आपल्यात’ म्हणताना आठवत नाही.

का आठवत नाही, त्यालाही कारण आहे. पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात एका प्रकारच्या दुःखाला नाव दिलं. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. माणूस किंवा घर पुरतं गेलेलंही नसतं आणि हाताशीही नसतं, त्यामुळे रडून मोकळं होता येत नाही. बॉस स्वतः स्थलांतरिताच्या घरात वाढल्या. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले आणि मनाने बरेचसे तिकडेच राहिलेले. घरात कुणी वारलं की लोक भेटायला येतात. देश सोडला की लोक अभिनंदन करतात. तुझ्या आईबाबांनी हे दुःख कुणाजवळ केलं असेल? माझा अंदाज, कुणाजवळच नाही. ‘आपल्यात’ या शब्दात ते साठलेलं असतं, आणि मुलांना त्यातली फक्त बंदी ऐकू येते.

तुझ्यासारख्या मुलांसाठीही एक नाव आहे. रुबेन रुंबाउट हे क्यूबात जन्मलेले अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. स्थलांतरितांची पहिली पिढी आणि तिकडेच जन्मलेली दुसरी पिढी या दोन खणांत बरीच माणसं बसत नाहीत, हे बघून त्यांनी मधले अपूर्णांक केले. साधारण सहा ते बाराव्या वर्षी गेलेली ती १.५ पिढी, कुमारवयात गेलेली १.२५, आणि शाळेआधीच गेलेली १.७५. इंग्रजीत हे अवघडून दशांशात म्हणावं लागतं. आपल्याकडे सव्वा, दीड आणि पावणेदोन तयारच आहेत! तेव्हा तू दीड, तुझा भाऊ दोन, आणि आईबाबा एक. एकाच घरात राहून तुमचे हिशेब जुळत नाहीत यात नवल नाही. शिवाय तू एकटी नाहीस. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ च्या मध्यावर जगात सुमारे ३०.४ कोटी माणसं जन्मलेल्या देशाबाहेर राहत होती. त्यांत तुझ्यासारखे दीडवाले गावोगाव असणार.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

तू लिहिलंस की भांडण दोन वाक्यांपुढे गेलं की तू आपोआप तिकडच्या भाषेत शिरतेस. पत्रातली हीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुझं मराठी आठव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलं आणि घरात राहिलं. घरात जेवढं लागतं तेवढं ते वाढलं. तुला त्यात रुसता येतं, भूक लागल्याचं सांगता येतं, भावाला दटावता येतं. पण ‘हे काम मला आवडतं, त्यात मी हुशार आहे, मला भीती वाटते आहे आणि तरीही जायचं आहे’ हे तू मराठीत कधी कुणाला म्हणालेली आहेस का? म्हणालेली नसशील, तर आईबाबांनी मोठी झालेली तू अजून ऐकलेलीच नाहीस. मराठीत बोललीस तर त्यांना आठ वर्षांची मुलगी ऐकू येते, आणि तिकडच्या भाषेत बोललीस तर परकी बाई. आठ वर्षांच्या मुलीला कोण दुसऱ्या शहरात पाठवेल?

आणि हे उलटही खरं आहे, जे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू वडिलांना पाहिलंस ते खिडकीसमोर, काउंटरपुढे, दवाखान्यात. शब्द शोधणारे, अर्ध्या वाक्यात तुझ्याकडे बघणारे. हाच माणूस आपल्या भाषेत थट्टा करत असेल, कुणाला चार गोष्टी सुनावत असेल, पैशांचं कोडं चुटकीसरशी सोडवत असेल. नवव्या वर्षी तू त्यांची वाक्यं पुरी करायला लागलीस, आणि तेव्हापासून तुझ्या मनातले बाबा थोडे लहानच राहिले. तुम्ही दोघांनी एकमेकांना लहान मूल म्हणून पाहिलं आहे, आणि भांडण मात्र दोन संस्कृतींच्या नावावर चाललं आहे. ही समजूत तपासून बघ, एवढंच माझं म्हणणं.

दुभाषेपणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तू ते ‘घरातली छोटी-मोठी कामं’ म्हणून उल्लेखून पुढे गेलीस. ती छोटी कामं नव्हती. अशा मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन्ही बाजू दिसतात. पुष्कळ मुलांना या कामातून हुशारी येते, आत्मविश्वास येतो, आईवडिलांविषयी माया वाढते. पण आजारपण, कर्ज, कायदा असे विषय असतील आणि घरात ताण असेल, तर तेच काम मुलांच्या छातीवर बसतं. म्हणून तर अमेरिकेत आरोग्यसेवेच्या २०१६ च्या नियमांनी तातडीचा प्रसंग सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई केली. अकरा वर्षांच्या मुलीने काय गाळायचं आणि काय सांगायचं हे ठरवणं, हा तुझा खोटेपणा नव्हता. तिथे एक मोठं माणूस असायला हवं होतं, ते नव्हतं.

या कामाचा आणि ‘आपल्यात असं नसतं’चा संबंध जोडून बघ. तू गेलीस तर पत्रं कोण वाचणार, ही तुझ्या आईबाबांची साधी, व्यवहारी भीती आहे. पण ‘तू गेलीस तर आमचं अडेल’ हे मुलीला म्हणणं फार जड जातं. त्यापेक्षा ‘आपल्यात नसतं’ म्हणणं सोपं, त्यात आपली गरज दिसत नाही. बाबांच्या दोन दिवसांच्या अबोल्यात मला राग कमी आणि लाज जास्त दिसते. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण बरोबर असेल तर तुला संस्कृतीशी वाद घालायचाच नाही, कागदांची सोय लावायची आहे. आणि कागदांची सोय लागते.

ती अशी लाव. नोकरीवर रुजू होण्याआधी दोन-तीन महिने मिळत असतील तर घे. घरी येणाऱ्या पत्रांचे महिनाभर गठ्ठे कर. ज्यांवर काहीच करावं लागत नाही, ज्यांवर फक्त पैसे भरायचे किंवा सही करायची, आणि ज्यांवर खरंच डोकं लागतं. तिसरा गठ्ठा तुला वाटतो त्याच्या निम्मासुद्धा निघणार नाही. तो फोटो काढून तुला पाठवता येईल; आठवड्यातला एक ठरलेला तास त्याचा, रोज रात्रीचे फोन नाहीत. दवाखाने आणि सरकारी कार्यालयं बऱ्याच देशांत दुभाषी देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मुलगी शेजारी उभी असली तर कधीच देत नाहीत. तुझ्या इथे काय सोय आहे ते विचार आणि पहिल्या खेपेला बाबांबरोबर जा, पण बोलू नकोस. काउंटरवरचा माणूस काही विचारेल, बाबा तुझ्याकडे बघतील, तू मनात दहा अंक मोज. सोळा वर्षं तिथे काढलेल्या माणसाला जेवढं येतं तेवढं ते तुझ्यासमोर दाखवत नाहीत, याच्यावर मी पैज लावीन. तू फार पटकन बोलतेस ना, म्हणून.

भावाला मात्र या कामाचा वारस करू नकोस. हे घरात स्पष्ट शब्दांत सांगून जा. तो तेरा वर्षांचा आहे, भाषा चांगली आहे, सगळ्यांची नजर त्याच्याकडेच जाईल.

त्याच्या मराठीची काळजीही जरा कमी करा. समजणं ही अर्ध्याहून जास्त भाषा असते, आणि ती आत टिकून असली की पुढे बोलणं परत येऊ शकतं. ‘आधी मराठीत बोल, मग ऐकते’ हे आईचं धोरण बंद व्हायला हवं. त्याने मुलं मराठी शिकत नाहीत, आईशी बोलणं कमी करतात. त्याने तिकडच्या भाषेत विचारावं, आईने मराठीत उत्तर द्यावं, कुणी कुणाला थांबवू नये. प्रत्येक शब्द दुरुस्त करू नका. आणि त्याला असं एखादं माणूस मिळू दे, ज्याला मराठीशिवाय काही येत नाही आणि ज्याच्याकडून त्याला काहीतरी हवं असतं. गरज लागली की भाषा तोंडात येते.

नोकरीबद्दल माझं मत विचारलंस. जा. राहण्याच्या बाजूने मी बराच वेळ विचार केला. बाबांचं आजारपण खरोखर मोठं असतं, किंवा आई घरात एकटी पडण्यासारखी स्थिती असती, तर वर्षभर थांब म्हटलं असतं. तसं तुझ्या पत्रात काही नाही. अपराधी वाटतं म्हणून थांबलेल्या मुलीच्या मनात हिशेब सुरू होतो, आणि पुढे कधीतरी तो सगळ्यांकडून वसूल होतो, बहुतेक वेळा धाकट्या भावाकडून. सगळ्यांनीच त्या शहरात जाऊ, हा पर्याय तू कंसात लिहिला आहेस. तो कंसातच राहू दे. आईबाबांनी एकदा मुळं उपटली आहेत.

राहिला ‘मी कुठली’. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या पाच हजारांहून जास्त स्थलांतरित मुलामुलींचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. घरची संस्कृती टाकून देणारी, नव्या समाजापासून फटकून राहणारी, कशातच न रमणारी, आणि दोन्हीकडे पाय रोवलेली, अशी मुलं त्यात दिसली. एकंदरीत सर्वांत बरी होती ती दोन्हीकडची. एकच बाजू पक्की निवडलेली मुलं त्यांच्याहून सुखी निघाली नाहीत, हे तुझ्यासाठी महत्त्वाचं. अर्थात, दोन्हीकडचं होणं एकट्या मुलाच्या हातात नसतं, समोरच्या समाजानेही जागा द्यावी लागते. ‘मूळची कुठली’ असं रोज विचारणाऱ्यांच्यात ते कठीण जातं, ही तुझी तक्रार खरी आहे. पण त्या प्रश्नाला दरवेळी खरं आणि पूर्ण उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. ज्याला सहज कुतूहल आहे त्याला एक सांग, जो चौकशी अधिकाऱ्यासारखा विचारतो त्याला राहत्या गल्लीचं नाव सांग. हसणाऱ्या भावंडांना एवढंच म्हण : हसा, पण बरोबर शब्दही सांगा. दोन दिवसांत हसणं थांबेल, शब्द मिळतील.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत आणि नुकतीच दुसऱ्या देशात शाळेत जाऊ लागली आहेत, त्या आईवडिलांसाठी एक गोष्ट मधेच सांगून टाकते. मूल वर्ष-दोन वर्षांत खेळाच्या मैदानावर फडाफडा बोलायला लागतं आणि घरचे निश्चिंत होतात. जिम कमिन्स या भाषाअभ्यासकांनी दाखवलं आहे की अभ्यासाची भाषा वयाच्या बरोबरीची व्हायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे काउंटरवर तुमच्या वतीने ऐटीत बोलणारं मूल त्या कागदावर काय लिहिलंय हे तुमच्याइतकंच अंधारात असू शकतं. आणि घरी मराठी बोलल्याने शाळेत मागे पडेल, या भीतीने घरची भाषा बंद करू नका. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र करारात, २९ व्या कलमात, शिक्षणाने मुलाच्या मनात त्याची स्वतःची भाषा व मूल्यं, राहत्या देशाची मूल्यं आणि मूळ देशाची मूल्यं या सगळ्यांचा आदर रुजवावा असं म्हटलं आहे. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत.

मधली, आता तुझं काम. या महिन्यात मोठ्या माणसांचं मराठी थोडं मिळव. बातम्या, मुलाखती, कुणी तुझ्याच क्षेत्रातलं मराठीत बोलत असेल तर ते ऐक. मग नोकरीबद्दल दहा-बारा ओळी मराठीत लिहून काढ : तिथे नेमकं काय करणार, पगारातलं काय बाजूला टाकणार, घरी कधी येणार, आणि कशाची भीती वाटते. त्यात एकदा तरी ‘आपण’ येऊ दे, आणि तो खरा असू दे. चुका होतील, होऊ देत. आईला त्या वाचून दाखव. पाठवू नकोस, वाचूनच दाखव.

बाबांशी मात्र नोकरीपासून सुरुवात करू नकोस. अकराव्या वर्षी गाळलेलं वाक्य आधी सांग. डॉक्टरांचं वाक्य आहे, कुठेतरी शब्द अडेल. अडला की त्यांनाच विचार, बाबा, याला मराठीत काय म्हणतात.